खुंटा

अनार्गिरोस सकाळीच म्हणाला होता,
आज घाई नाही.
क्रेनवाल्यालाही त्याने बजावलं :
मांजर पिल्लू उचलतं ना,
तसं.

सातव्या खांबाची वरून तिसरी चकती.
मागच्या शतकात कुणा शहाण्याने
तिला लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या, भल्यासाठीच.
लोखंड गंजलं, फुगलं,
संगमरवर उलला डाळिंबासारखा.
दुरुस्ती म्हणजे आधी
कुणाची तरी दुरुस्ती उपटून काढणं,
हे इथलं पहिलं शिक्षण.

खाली रांग. टोप्या, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या.
ते बघतात ते सगळं बाहेरचं
आणि बाहेरचं तर केव्हाच गेलं :
निळा रंग गेला, लाल गेला,
घोड्यांचे लगाम गेले, पितळेचे होते म्हणून,
नाकं गेली. देवी गेली.
मग दुसरे देव येऊन राहिले भाडेकरूंसारखे,
तेही गेले.
खांब उभे आहेत, मध्ये किंचित फुगलेले,
डोक्यावर ओझं घेऊन
श्वास धरल्यासारखे.

साखळ्या ताणल्या.
दगड बोटभर उठला.

आणि वास आला.

राळेचा, कोरडा, गोडसर,
आत्ताच कापल्यासारखा.
बेस्निकला वाटलं, जवळपास कुणीतरी
पेन्सिलीला टोक काढतंय.
त्याने वळून पाहिलंसुद्धा.

दोन दगडांच्या मध्ये,
जात्याच्या दोन तळ्यांमध्ये असतो तसा,
लाकडाचा खुंटा.
देवदार.
सांध्यातून केस जाणार नाही असा तो सांधा,
मग हवा तरी कुठून जाणार?
चोवीसशे वर्षं तो तसाच,
एकदाही श्वास न घेता ताजा.
आम्ही तो उघडला आणि तो
पाच-सहा श्वासांत संपला.
पुन्हा नाक नेलं तर नुसतं जुनं लाकूड.

पॉलिक्सेनीने गुडघे टेकून टॉर्च धरला.
दगडाच्या कडेचा हातभर पट्टा आरशासारखा,
आत मात्र टाकीचे घाव तसेच, खडबडीत, मोकळे.
घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
ह्यांनी सोसले
आणि खांबपण आलं.
तेवढंच.

मग ती म्हणाली, हे बघ.
खुंट्याच्या डाव्या अंगाला
नखाएवढी चिपळी. दुसऱ्याच लाकडाची.
भोक जरा मोठं पडलं होतं.
कुणीतरी, संध्याकाळी असेल,
मुकादमाची पाठ वळलेली असताना असेल,
एक चिपळी तासून, जिभेवर ओली करून
दाबून बसवली होती फटीत
आणि वर दहा माणसांकडून
अख्खा खांब ठेवून घेतला होता.

अनार्गिरोसचा बाप तिनोस बेटावरचा, त्याचाही बाप,
पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे.
त्याच्या करंगळीला नख नाही.
तो इतका हसला
की खोकला आला त्याला.
हा आपल्यातलाच रे, म्हणाला,
हा अगदी आपल्यातलाच.
मग टोपी काढून उगाच झटकली,
आणि बराच वेळ तिकडे पाठ करून उभा राहिला.

पॉलिक्सेनीने वहीत लिहिलं :
लांबी. रुंदी. लाकूड, स्थिती उत्तम.
पेन थांबलं.
चिपळीसाठी तिने नवी ओळ घातली,
माप मिलिमीटरात.
वासासाठी काही घातलं नाही.

वरून, केबिनमधून, क्रेनवाला ओरडत होता.
त्याला तिथवर काहीच पोचलं नव्हतं.
काय झालं? उतरवू का?
सगळे असे उभे का?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

काही नाही, अनार्गिरोस ओरडला,
जेवायची सुट्टी.

पावणेदहा वाजले होते.